काकूंची पट्टी

"हे कानातलं काढ बघू आधी," मालूकाकू म्हणाल्या. "हे घातल्यापासून मला काही ऐकूच येईना."

"काकू, ऐकू यावं म्हणूनच ते घालायचं असतं. त्यात पेटी वाजतेय. ती ऐकत गायचं."

"पेटी? कुठाय पेटी इथं?"

"पेटी काल झाली. वृषालीताई येऊन वाजवून गेल्या."

काकूंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि मी त्यांच्या ताटात शिळा भात वाढल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे पेटी काल आणि मी आज. मग बाकीच्या बाया कधी?"

"उद्यापासून. एकेक करून."

"एकेक करून भजन? अरे शिनू, एकेकटीनं भांडणसुद्धा होत नाही, भजन कुठलं व्हायला!"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा पुण्याहून साउंडचा कोर्स करून नुकताच कराडला परतलो होतो आणि बाबांच्या गादी कारखान्याच्या माडीवर स्टुडिओ थाटला होता. थाटला म्हणायचं इतकंच. एक कंप्युटर, दोन माईक, आणि आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना खालून आणलेल्या गाद्या ठोकलेल्या. खाली बाबा कापूस पिंजायचे, वर मी आवाज पिंजायचो. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी जिन्यात जाऊन "मशीन बंद!" असं ओरडावं लागायचं, आणि बाबा "अजून किती वेळ?" असं उलट ओरडायचे. एकदा त्यांचं हे विचारणं एका वधूवर सूचक मंडळाच्या जाहिरातीत गेलं होतं.

मालूकाकू वेदपाठक म्हणजे आमच्या गल्लीतल्या कृष्णामाई महिला भजनी मंडळाच्या संस्थापक, चालक, गीतकार आणि गायिका. वय सत्तरीपार. काका पोस्टात होते, ते जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. मुलगा बंगळुरात. काकूंचा आठवडा मंगळवारी सुरू व्हायचा आणि मंगळवारीच संपायचा, कारण दर मंगळवारी दुपारी राममंदिराच्या सभामंडपात मंडळाचं भजन असायचं. बायका ओळीनं बसायच्या आणि पुढच्या ओळीत मधोमध काकू. त्या जागेला सगळ्या 'पुढची जागा' म्हणायच्या. पुढच्या जागेवरची बाई ओळ सांगणार, बाकीच्यांनी ती उचलायची. त्या जागेवर काकूंशिवाय दुसरं कुणी बसलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

आणि नेमकी तीच जागा आता पणाला लागली होती.

झालं होतं असं की, एका मोठ्या गौळण स्पर्धेत मंडळ दरवर्षी भाग घ्यायचं आणि दरवर्षी पहिल्याच फेरीत गळायचं. परीक्षकांचा शेरा ठरलेला: उत्साह दांडगा, पट्टी सांभाळावी. त्या वर्षी पहिल्या फेरीसाठी रेकॉर्डिंग पाठवायचं होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मंडळात पेटी वाजवणाऱ्या वृषालीताई गिजरे शाळेत संगीत शिकवायच्या. विशारद झालेल्या. स्पष्ट बोलायच्या, आणि स्पष्ट बोलणारी माणसं बरोबरही असली की फार अवघड होऊन बसतं. भर मंडळात त्या म्हणाल्या होत्या, "काकू, राग मानू नका, पण तुम्ही चढता. सुरुवात काळी चारमध्ये होते आणि शेवटच्या कडव्याला तुम्ही पांढरी सहामध्ये असता. माझी पेटी खालीच राहते."

आता पेटीवर काळी चारच्या लगेच पुढची पट्टी म्हणजे पांढरी सहा, आणि तिच्या पुढची काळी पाच. काळी चार ते पांढरी सहा, एका पट्टीचं अंतर. पण गाण्यात तेवढ्या अंतरानं भल्याभल्यांचे दात शिवशिवतात.

कुणीतरी हातातला टाळ खाली ठेवला म्हणे. काकूंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. नाहीतरी रेकॉर्ड होणारच आहे. सगळ्या मिळून ऐकू. मी पेटीला सोडून गेलेली दिसले तर पुढची जागा तुझी. मी मागं टाळ घेऊन बसेन. आणि नाही गेले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

ही हकीकत मला आईनं सांगितली. आई मंडळातच होती, तिसऱ्या ओळीत. सांगून झाल्यावर पोळी लाटता लाटता तिनं मला बजावलं, "काकूंचं काही वेडंवाकडं झालं, तर जेवायला खाली येऊ नकोस. वरच गाद्या खा."

तर काकू माझ्यासमोर बसल्या होत्या, हेडफोन मांडीवर.

"बरं, राहू दे," मी म्हणालो. "सुरुवातीचा सूर ऐकवतो, मग तुम्ही तुमच्या गा."

"गाते. पण आधी एक ऐक. तुझ्या कंप्युटरात म्हणे रेडासुद्धा सुरात गातो."

"रेड्याचं अजून कुणी आणलं नाही, काकू."

"चेष्टा नको. माझ्या आवाजाला हात लावायचा नाही. इकडचा तिकडं नाही, खालचा वर नाही. मी गायले तस्सा. घे शपथ."

"कुणाची?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. देवाची तसबीर मी लावलेली नव्हती. "या गाद्यांची," त्या म्हणाल्या. "बापाच्या कष्टाच्या आहेत."

मी भिंतीवरच्या गादीला हात लावून शपथ घेतली. मग जिन्यात जाऊन ओरडलो, मशीन बंद झालं, आणि काकू गायल्या.

गौळण त्यांचीच होती. 'दही माझं आंबट रे कान्हा, जा तू दुसऱ्या दारी.' पाच कडवी. प्रत्येक कडव्यात गौळण कान्हाला वाटेला लावायला नवी सबब सांगते. दही आंबट आहे, माठ फुटका आहे, सासू जागी आहे. आणि शेवटच्या कडव्यात सबबी संपतात, तेव्हा स्वतःच माठ त्याच्यापुढे ठेवते. काकू डोळे मिटून, गुडघ्यावर ताल धरून गायल्या. आवाज जाडसर, थोडा घोगरा, पण असा मोकळा की खाली बाबांनी मशीन बंदच ठेवलं. गाणं संपून वर पाच मिनिटं झाली तरी त्यांनी "अजून किती वेळ?" विचारलं नाही.

काकू गेल्यावर मी स्क्रीन बघितला. सूर सुधारायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वर चवळीच्या शेंगेसारखा दिसतो, आणि मागे वहीसारख्या आडव्या रेघा असतात. शेंग रेघेवर असली की सूर बरोबर. रेघेवर नसली की माउसनं उचलून तिथं ठेवायची. काकूंच्या पहिल्या कडव्याच्या शेंगा रेघेवर शहाण्यासारख्या निजल्या होत्या. दुसऱ्या कडव्यात जरा उठून बसल्या. तिसऱ्यात उभ्या राहिल्या, आणि पाचव्या कडव्याला सगळ्याच्या सगळ्या वरच्या रेघेवर पोचल्या होत्या. काळी चारमध्ये निघालेली गौळण बरोबर पांढरी सहामध्ये उतरली होती. वृषालीताईंचं म्हणणं शब्दशः खरं होतं. मी कपाळाला हात लावला.

पुढच्या दिवसांत बाकीच्या अकराजणी येऊन गेल्या. चारचौघींत खड्या आवाजात गाणाऱ्या बायका एकट्या माईकसमोर आल्या की नवी सून पाहुण्यांसमोर बोलते तशा गायल्या. एकीनं तर मला तोंड भिंतीकडे करून उभं राहायला लावलं. पण सगळ्यांनी हेडफोन घातले, पेटी ऐकली आणि थोडंफार इकडेतिकडे होत का होईना, काळी चार सोडली नाही. म्हणजे मंडळ एकीकडे आणि काकू दुसरीकडे.

शेवटच्या बाईच्या मागोमाग वृषालीताई जिना चढून आल्या. त्यांनी स्क्रीनकडे एकदाच पाहिलं.

"दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग सुरात आण. काकूंना कळणारसुद्धा नाही. आजकाल मोठमोठ्यांचं करतात."

"मी शपथ घेतलीय, ताई."

"कशाची?"

"गाद्यांची."

त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी लगेच आवरलं. "श्रीनिवास, मला पुढची जागा नकोय रे. मला वाटलं होतं काकू म्हणतील, 'हो का? बघते.' त्या एकदम पैजेवरच आल्या. आता मी माघार घेतली तर खोटी ठरते आणि रेकॉर्डिंग वाजलं तर त्या मागं बसणार. आणि त्या मागं बसल्या, तर दोन महिन्यांत यायच्याच बंद होतील. तू सुरात आण. मी सगळ्यांसमोर म्हणते, माझंच चुकलं."

"आणि स्पर्धेतसुद्धा निवड होईल," मी म्हणालो.

"झाली तर काय वाईट आहे?" त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

शपथ मूळ आवाजाला लागू होती. म्हणून मी आवाजाची एक नक्कल काढली आणि तिच्यावर हात साफ केला. वकील झालो असतो तरी चाललं असतं. शेंगा एकेक करून खाली आणल्या, रेघेवर निजवल्या. दुपारी आई चहा घेऊन वर आली, तेव्हा तिला ऐकवलं.

आईनं पूर्ण कडवं ऐकलं. "छान आहे. कोण ही?"

"काकू."

"या काकू?" आईनं पुन्हा ऐकलं. "मला वाटलं बँकेत फोन केल्यावर बोलते ती बाई. कशासाठी काय दाबा सांगते ती."

"सुरात आहे की नाही?"

"आहे. पण असं कुणी गायला लागलं तर आम्ही कुठून उचलायचं?" आईनं रिकामा कप माझ्या हातातून घेतला. "आणि खरं सांगू, परवा तुझ्या त्या पेटीमागनं गाताना मी नुसती धडपडत होते. सवयच नाही. आम्ही पेटीमागनं कधी गेलोयच कुठं? काकू जिकडं जातील तिकडं जायचं. वृषाली बिचारी वाजवत असते तिचं तिचं."

ती जिना उतरून गेली आणि मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. काकू जिकडं जातील तिकडं जायचं. काकूंच्या आवाजाला हात लावायचा नाही, अशी शपथ होती. बाकीच्यांच्या आवाजाबद्दल मी कुणालाच काही कबूल केलेलं नव्हतं.

नक्कल पुसून टाकली. काकूंच्या शेंगा होत्या तशा राहू दिल्या आणि अकरा बायका आणि एक पेटी कामाला लावली. काकू दुसऱ्या कडव्यात केसभर चढल्या की सगळ्यांना केसभर चढवलं. तिसऱ्यात आणखी. जोशीबाई, शेटेवहिनी, माझी आई, सगळ्यांना हाताला धरून जिना चढवला आणि शेवटी पेटीही उचलून वर नेली. सूर म्हणजे तरी काय, सगळे एकत्र असले की सुरात. ज्याच्यापाशी अचूक कान आणि शेजारी पेटी नाही, त्याला हे कधीही कळलं नसतं. जगातला सगळ्यात हुशार साउंड इंजिनिअर कराडात गाद्यांच्या खोलीत बसलाय, अशी माझी त्या आठवड्यात खात्री झाली होती.

मंगळवारी दुपारी राममंदिराच्या सभामंडपात मोठा स्पीकर लावला. बायका ओळीनं बसल्या, काकू पुढच्या जागेवर, त्यांच्या उजव्या हाताला पेटी घेऊन वृषालीताई. काकूंचा चेहरा सहज होता, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळणं आणि सोडणं चाललं होतं. मी बटण दाबलं.

पहिल्या कडव्याला बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दुसऱ्याला डोळे मोठे झाले. तिसऱ्याला शेटेवहिनी चक्क रडायला लागल्या. आपण सगळ्याजणी एवढ्या एकसारख्या गातो, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. पाचवं कडवं संपलं, पेटीचा शेवटचा सूर विरला, आणि एकच गलका झाला.

"बघा! कुठं चढल्या काकू?"

"पेटीला चिकटून आहेत की अगदी!"

वृषालीताईंनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. काकूंचा आवाज मी सुरात आणला, असं त्यांना वाटत होतं. "काकू, माझंच चुकलं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. काकूंनी पदराचं टोक बोटावरून सोडलं आणि पहिल्यांदा हसल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

इथं थांबायला हवं होतं. पण खूश झालेल्या बायका थांबतात होय? कानात शेवटची ओळ घोळत होतीच. जोशीबाईंनी तिथूनच ध्रुपद उचललं, 'दही माझं आंबट रे कान्हा', आणि सगळ्या गायला लागल्या. वृषालीताईंनी सवयीनं पेटीचा भाता उघडला आणि काळी चार धरली.

बायका पांढरी सहामध्ये होत्या.

तो जो काही आवाज झाला, त्यानं मंदिराच्या कळसावरची कबुतरं उडाली असं मी आजही सांगतो. ते पूर्ण खरं नाही, पण बायका मात्र दचकून गप्प झाल्या. वृषालीताईंनी पेटीकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, आणि मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं. मी काय केलं होतं ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तोंड उघडायचा अवकाश होता.

त्यांनी बोटं एक पट्टी वर सरकवली आणि पांढरी सहा धरली. "माझा हात चुकला," त्या म्हणाल्या. "म्हणा, काकू."

पण काकूंनी म्हटलं नाही. त्या पेटीकडे बघत होत्या.

"तुझा हात चुकत नाही, वृषाली," त्या सावकाश म्हणाल्या. "तेच तर तुझं दुखणं आहे. आधी कुठं धरलं होतंस?"

"काळी चार."

"रेकॉर्डिंग सुरू कुठं झालं?"

वृषालीताईंनी बोटं पेटीवरून काढून घेतली.

"काळी चारच," काकूंनीच उत्तर दिलं. "संपलं वरच्या पट्टीत. आणि पेटी काही आपण होऊन चढत नाही." मग बायकांकडे वळून त्या म्हणाल्या, "जा गं, चहा झालाय बाहेर. वड्यांच्या आधी चहा घ्या, नाहीतर निवेल. शिनू, तू थांब."

सभामंडपात आम्ही तिघंच उरलो. मी उगाच स्पीकरची वायर गुंडाळायला लागलो.

"शब्द पाळलास?"

"हो, काकू. तुमच्या आवाजाला बोटसुद्धा लावलं नाही."

"दिसतंय. बाकीच्यांच्या लावलंस." काकूंचा आवाज चढला नव्हता, उलट फार खाली आला होता. "तुझ्या बाबांकडं एखादी गादी वाकडी शिवली गेली, तर ते पलंग वाकडा करून देतात का रे?"

काकूंना वाचवायला निघालो होतो आणि ज्या एका माणसाला कळायला नको होतं, त्यालाच नेमकं मीच दाखवून दिलं होतं. रेकॉर्डिंग जसंच्या तसं वाजवलं असतं, तर काकू निदान पेटीला दोष देऊ शकल्या असत्या. मला तिथल्या तिथे रडू यायचं बाकी होतं.

"काकू," वृषालीताई म्हणाल्या, "यातलं कुणाला काही कळलेलं नाही. आपण हेच पाठवू."

"हे पाठवायचं नाही. यात माझ्याशिवाय एकाही बाईचा आवाज खरा नाही," काकू म्हणाल्या. स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना क्षणभर हसू आलं, मग ते गेलं. "इतकी वर्षं मला वाटायचं, या बाया मागं पडतात. म्हणून मी जरा जोर लावायची. यांना ओढून न्यायचं म्हणून." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पुढच्या जागेवरचं आपलं बस्कर उचललं आणि मागच्या ओळीत नेऊन टाकलं. "शब्द म्हणजे शब्द. पुढच्या मंगळवारी परत रेकॉर्ड कर. सगळ्या एकदम."

चहा घेऊन आलेल्या बायकांना त्यांनी एवढंच सांगितलं, "मी ऐकलं. वृषालीचं बरोबर आहे. मी चढते." आणि कुणी काही बोलायच्या आत, "शिनूच्या मशीनला ते कळलं नाही. नवं आहे ते अजून." माझी लाजही त्यांनीच राखली. आईनं मात्र माझ्याकडे असं पाहिलं की रात्री मी जेवायला जरा बिचकतच खाली गेलो.

पुढचा मंगळवार म्हणजे रेकॉर्डिंग पाठवायचा शेवटचा दिवस. मी एकच माईक आणला आणि सभामंडपाच्या मधोमध उभा केला. एका माईकवर बारा बायका घ्यायच्या, तर सगळ्या त्याच्यापासून सारख्या अंतरावर हव्यात. म्हणून सगळ्यांना गोल बसवलं.

काकू टाळ घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "मी मागं बसणार म्हटलंय. मागं कुठाय इथं?"

"एका माईकला मागंपुढं कळत नाही, काकू," मी म्हणालो. "कुठंही बसा."

हे मी कसबी माणसाच्या सुरात म्हणालो, पण माईककडे बघत. काकूंनी मला नीट न्याहाळलं. मग बसल्या. गोलात बसल्यामुळं त्या आपसूक वृषालीताईंच्या बरोबर समोर आल्या.

पहिल्या खेपेला वृषालीताईंनी ओळ सांगितली. काळी चार, खणखणीत. बायकांनी उचलली खरी, पण श्वास कुठं घ्यायचा ते एकीलाही कळेना. सगळ्यांच्या माना काकूंकडे वळलेल्या, आणि काकू तोंड मिटून टाळ वाजवत होत्या. दुसऱ्या कडव्यातच गाडी बंद पडली.

वृषालीताईंनी भाता मिटला. "काकू, तुम्ही गाणार नसाल तर मी वाजवणार नाही."

"मी गायले तर चढेन."

"चढा."

"आणि तू?"

"माझं मी बघते."

काकू घुटमळल्या. टाळ एकदा मांडीवर ठेवला, परत उचलला. शेजारी बसलेली माझी आई त्यांच्या कानाशी लागली, पण शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. "काकू, म्हणा ना. आम्हाला वाट कुठं माहितीय?"

स्पर्धेचा निकाल आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे उगाच कुणी आशा लावून बसायला नको. आम्ही त्याही वर्षी पहिल्याच फेरीत गळालो. मी रेकॉर्डिंग जसं झालं तसं पाठवलं होतं.

पण ती दुसरी खेप मी अजून विसरलेलो नाही. काकूंनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. पहिलं कडवं काळी चारमध्ये, सगळ्या मिळून. दुसऱ्या कडव्यात काकू जरा उठल्या आणि बायका त्यांच्यामागोमाग उठल्या, कुणी न सांगता, अगदी मी माउसनं उचलल्या होत्या तेवढ्याच. मला जे करायला अख्खा आठवडा लागला, ते त्या इतकी वर्षं दर मंगळवारी फुकट करत होत्या. तिसऱ्यात पेटी आणि बायका यांच्यात अंतर पडलं, कानाला खटकेल असं. चौथ्यात ते आणखी वाढलं. वृषालीताई मान कलती करून ऐकत होत्या. पेटी केसकेसभर चढू शकत नाही, तिला एकदम पायरीच लागते. त्यांनी भाता हलका केला, पेटी अगदी बारीक वाजवली आणि वाट बघितली. चौथं कडवं संपलं. सबबी संपल्या. गौळण माठ खाली ठेवणार, तेवढ्यात वृषालीताईंनी बोटं एक पट्टी वर नेली आणि पांढरी सहा मोकळी सोडली. काकू तिथं येऊन पोचलेल्याच होत्या. बारा बायका आणि पेटी एका सुरात. कानातला हेडफोन मी काढून ठेवला.

गाणं संपलं तरी काकूंनी डोळे लगेच उघडले नाहीत. पेटीचा सूर पुरता विरू दिला.

"वृषाली," मग त्या म्हणाल्या, "कुठवर आलो गं आपण?"

"पांढरी सहा, काकू."

काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. "एवढंच? मग आणखी दोन कडवी लिहिते," त्या म्हणाल्या. "काळी पाच गाठू."